जावयाच्या पाटावर कॅप्टन

इरा आणि ओजस,

मागच्या डिसेंबरात तुम्ही मुंबईहून विमानानं इथं चिकलठाण्याला उतरलात. घरी येऊन हातपाय धुऊन झाल्यावर मी विचारलं, "प्रवास कसा झाला?" ओजसनं सँडविच गार होतं हे सांगितलं. इरानं खिडकी मिळाली नाही हे सांगितलं. तुमची आई बॅगा आत नेता नेता म्हणाली, "पायलट बाई होती गं आई, काय अलगद उतरवलं!" मी तुम्हा दोघांकडे पाहिलं. इरा म्हणाली, "हो, अनाउन्समेंटमध्ये बाईचा आवाज होता. का गं आजी?" तव्यावर पोळी होती, ती करपली, आणि उत्तर राहून गेलं. तुम्ही कॅल्गरीला परत गेल्यावरही ते "का गं आजी?" माझ्या डोक्यातून जाईना. उत्तर लांब आहे, फोनवर मावणार नाही, आणि माझ्याशिवाय ते सांगू शकणारं आता कोणी उरलेलं नाही. म्हणून लिहिते आहे. मी शिकले इंग्रजीतून, नोकरीतले सगळे रिपोर्ट इंग्रजीत लिहिले. हेही आधी इंग्रजीतच लिहायला घेतलं होतं, पण माझी आत्या इंग्रजीत बोलेना. तेव्हा मराठीत लिहिते. आई वाचून दाखवेल, अडेल तिथं मला विचारा.

आम्ही तेव्हा विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. तुम्ही ज्या जालना रोडवर पिझ्झा खायला गेलात, त्याच्या दोन्ही बाजूंना तेव्हा ज्वारी होती. घरासमोर एक लिंबाचं झाड, त्यापलीकडे तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे ती लांबच लांब धावपट्टी. तिच्या टोकाला एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फडफडायची. आत्या तिला "एका पायाचा पायजमा" म्हणायची. "आज पायजमा जालन्याकडं तोंड करून हाय, पापड घालू नका," असं ती सकाळी अंगणात येऊन जाहीर करायची आणि तिचं कधी चुकायचं नाही. विमानं फार नसत. येणारं विमान आधी आमच्या पितळी भांड्यांना कळायचं. फळीवरचे डबे बारीक थरथरायला लागले की आई म्हणायची, "आलं," आणि मग थोड्या वेळानं आवाज यायचा. त्या आवाजात दूध उतू गेलेलं मला आठवतं, आत्याचं स्तोत्र मधेच मोठ्यानं झालेलं आठवतं. ती विमानाला हरायला तयार नसायची.

माझे वडील, नाना, विमानतळावरच्या हवामान ऑफिसात निरीक्षक होते. रोज सकाळी ते गॅसनं भरलेला एक मोठा फुगा आभाळात सोडत. आभाळ निवळ असलं की पांढरा, ढग असले की गडद. तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवलेल्या दुर्बिणीला डोळा लावून ते त्या फुग्याचा माग काढत. फुगा कुठं वाहत गेला त्यावरून वर वारा कसा आहे ते कळे आणि येणाऱ्या वैमानिकांना ते सांगता येई. डोळा दुर्बिणीवरून हलवायचा नसल्यामुळे फुग्याच्या कोनाचे अंश टिपायला दुसरं माणूस लागायचं. त्यांचा मदतनीस बहुतेक वेळा उशिरा यायचा. म्हणून मी फ्रॉक घालायची तेव्हापासून नाना मला हाक मारत. ते अंश सांगत, मी टिपत असे. फुगा टिकलीएवढा होईपर्यंत, मग तिळाएवढा, आणि मग नाना म्हणत, "गेला." त्या "गेला"नंतर आम्ही दोघं थोडा वेळ वरच बघत उभे राहत असू. त्याहून जास्त सुखाचं काही मला तेव्हा माहीत नव्हतं.

हे बंद केलं आत्यानं. ती नानांची थोरली बहीण. सोयगावकडे दिली होती. नवरा लवकर गेला आणि ती माहेरी परत आली ती आमच्याच घरची झाली. नाना लहान असताना त्यांची आई वारली, तेव्हा त्यांना वाढवलं आत्यानं. त्यामुळे ऑफिसात साहेबाशी वाद घालणारे नाना घरात "अक्का म्हणते ना" यापुढे जात नसत. मी परकर नेसायला लागले त्या वर्षी आत्या म्हणाली, "आता बस्स. मोठ्या पोरीनं मैदानात उभं राहून आभाळाकडं बघायचं नाय. लोक बघत्यात." नानांनी दोन दिवस मला हाक मारली नाही, आणि मग कधीच मारली नाही. मॅट्रिकला मला गणितात दादापेक्षा चांगले मार्क पडले. दादा माझा मोठा भाऊ, तो सायन्सला होता आणि दर परीक्षेआधी देवाला नारळ बोलायचा. मलाही सायन्सलाच जायचं होतं. आत्या म्हणाली, "तिथं सगळी पोरं. हिला बायकांच्या कॉलेजात घाला, नाय तर स्थळ बघा." नानांनी वर्तमानपत्र उघडलं. कॉलेजचे प्रवेश जवळ येत होते आणि आमच्या घरात त्यावर कोणी बोलत नव्हतं.

आता जेवणाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आमच्याकडे पंगती ठरलेल्या. आधी पुरुष आणि पाहुणे, मधल्या खोलीत, पाटांवर. त्यांचं झालं की स्वयंपाकघरात आई आणि मी. आणि सगळ्यांत शेवटी आत्या, एकटी, दाराकडे पाठ करून. ती जेवताना कशी दिसते हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. ती वाढताना, रागावताना, शेंगा फोडताना, कुरडया घालताना मी रोज पाहत होते, पण जेवताना नाही. पाटांमध्ये एक पाट मोठा होता, शिसवी, चारी कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकलेला. तो जावयाचा पाट. एरवी तो कापडात गुंडाळलेला असायचा. घरात जावई आला, किंवा तसाच मानाचा पुरुष आला, तरच निघायचा.

त्या उन्हाळ्यात, एका सोमवारी, सकाळच्या विमानाचं इंजिन बिघडलं. मुंबईहून मिस्त्री येईपर्यंत ते हलणार नव्हतं. प्रवाशांना गावातल्या हॉटेलात नेलं. विमानतळावर तेव्हा चहाची टपरीसुद्धा धड नव्हती, म्हणून अडकलेल्या वैमानिकांना नाना घरी जेवायला आणत. ऑफिसचा शिपाई सायकलवर निरोप घेऊन आला, "कॅप्टन आणि आणखी एक जण जेवायला येतायत." निरोप एवढाच. आत्याला उत्साह आला. आमरस निघाला, घडीच्या पोळ्या, येसराची आमटी, भरली वांगी, तळलेल्या कुरडया. तिचा स्वतःचा सोमवारचा उपास. तिच्यासाठी कोपऱ्यात भगर आणि दाण्याची आमटी झाकून ठेवलेली. मधल्या खोलीत रांगोळी काढली. "कॅप्टन म्हंजे लष्करातला मोठा मानूस," आत्या म्हणाली, "जावयाचा पाट काढ."

नाना आले. त्यांच्याबरोबर एक उंच, मिशीवाले गृहस्थ होते, आणि त्यांच्या मागे पांढऱ्या शर्टपँटमधली, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एक बाई. टोपी काखेत. आत्यानं मिशीवाल्यांच्या पायावर पाणी घातलं, त्यांना आत नेलं आणि जावयाच्या पाटाकडे हात केला. "बैठो साब, अपनाच घर समझो." विमानतळावरच्या लोकांशी ती अशी दखनी बोलायची. मग बाईकडे वळून म्हणाली, "तू ये गं आत, आमच्यासंगं. कॅप्टनसायबांची बायको का तू?"

मिशीवाले गृहस्थ पाटावरून असे उठले की पाट हलला. "माताजी, कॅप्टन ये हैं। मैं तो इनका को-पायलट हूँ।"

दादाचं तोंड उघडं राहिलं. आईनं पदर सावरला, का ते तिलाही सांगता आलं नसतं. मी बाईंच्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या पाहिल्या. त्या मिशीवाल्यांच्यापेक्षा जास्त होत्या. नाना लिंबाच्या झाडाकडे बघत होते. त्यांनी निरोपात "बाई" हा शब्द मुद्दाम घातला नव्हता की सुचलाच नव्हता, हे मी पुढे अनेकदा विचारलं. दर वेळी ते नुसते हसत.

आत्याची अडचण तुम्हाला आता गमतीची वाटेल, पण ती खरी होती. कॅप्टन म्हणून ही बाई पहिल्या पंगतीत मधोमध. बाई म्हणून ती दुसऱ्या पंगतीत, स्वयंपाकघरात. आणि जावयाच्या पाटावर आजवर बाई बसलेली नव्हती. कॅप्टनबाईंनीच तिला सोडवलं. (त्यांचं नाव मी लिहीत नाही. आमच्या घरात त्या कायम कॅप्टनबाईच होत्या.) त्या अगदी साध्या मराठीत म्हणाल्या, "आत्या, मी तुमच्याबरोबरच बसते. यांचं होऊ द्या." आणि स्वयंपाकघरात येऊन चुलीजवळ मांडी घालून बसल्या, जशा काही रोजच येत असाव्यात.

आत्याचा जीव भांड्यात पडला. ती पोळ्या घेऊन बाहेर गेली. नाना, दादा, को-पायलट तिघं बसले. रिकामा पाट मधे. वाढून झालं. कोणी हात लावेना. दादा आमरसाकडे बघत होता. नाना पाहुण्याकडे. पाहुणा समोर भिंतीकडे.

"क्या हुआ साब? हात कायकू रोके? पोळी थंडी होतीय," आत्या म्हणाली.

"माताजी, कॅप्टन के पहले मैं शुरू नहीं कर सकता।"

"आन् पाव्हण्याच्या आधी मी कसा सुरू करणार, अक्का?" नाना म्हणाले. मला आजही वाटतं, त्यांच्या आवाजात थोडी मजा होती.

आत्या स्वयंपाकघरात आली. "बाई, तो तुमचा मानूस खाईना. तुम्ही इथंच बसल्या बसल्या दोन घास खाऊन घ्या, म्हंजे त्याला सांगते." तिनं पानावर पोळी ठेवली, रसाची वाटी ठेवली. कॅप्टनबाईंनी हात जोडले. "आत्या, रागावू नका. ते जे खाणार ते मला चालत नाही. आमचा तसा नियम आहे. दोघांनी एकच अन्न खायचं नाही. एकाला बाधलं तर दुसऱ्याला विमान उतरवता आलं पाहिजे."

"बाधलं?" आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या हातचं? इतकी वर्षं या घरात रांधते, कुणाला ढेकर जास्तीचा आला नाय!"

"व्हय अक्का, पण नियम हाय," नाना बाहेरून म्हणाले. ते घरात तिच्यासारखं बोलायचे.

"मग हिला उपाशी धाडू? पाव्हणीला?" आत्या इकडे तिकडे बघायला लागली. आणि मग तिची नजर कोपऱ्यातल्या झाकलेल्या भांड्यांवर गेली. घरात दुसरं शिजलेलं असं तेवढंच होतं. तिचा चेहरा बदलला. पाव्हणीला पक्वान्न सोडून विधवेच्या उपासाची भगर वाढायची, हे तिच्या जिवावर आलं होतं. "ते... ते माझ्या फराळाचं हाय," ती हळू म्हणाली.

"भगर?" कॅप्टनबाई म्हणाल्या. "आमटी दाण्याची का? मग कशाला विचारता, वाढा की."

आत्यानं ताट वाढलं. घरात सगळ्यांत शेवटी वाढलं जाणारं ताट त्या दिवशी सगळ्यांत आधी वाढलं गेलं. कॅप्टनबाईंनी ते उचललं नाही. म्हणाल्या, "आत्या, आता माझं आणि तुमचं ताट एकच. तुमचंही वाढा. मी एकटी कशी जेवू? आणि आपण दोघी इथं, ते तिघं तिथं, म्हणजे मी सुरू केलं हे त्यांना दिसणार कसं?"

आत्यानं एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा मधल्या खोलीकडे. भगरीची वाफ, बाहेर पंख्याची करकर. मग ती ओरडली, तेही माझ्यावर. "सुमे, बघतीस काय! घोंगडी आण. आईला बसव. तूबी बस. सगळेच बसा एकदा! पोळ्या पार वातड झाल्या!"

अशी आमच्या घरात पहिल्यांदा सगळ्यांची एक पंगत बसली. कॅप्टनबाई जावयाच्या पाटावर, शेजारी घोंगडीवर आत्या, मग आई, मग मी, समोर पुरुष. आणि वाढणार कोण? आत्या उठायला लागली तसे नाना उठले. नानांना अक्षांश-रेखांश पाठ होते, पण मीठ पानाच्या कुठल्या बाजूला वाढतात हे ठाऊक नव्हतं. त्यांनी कोशिंबीर उजवीकडे वाढली. "डावीकडं रे गाढवा!" आत्या म्हणाली. को-पायलट हसू दाबताना ठसकले. आईला नानांनी पोळी वाढली तेव्हा ती मान वर करेना. तिचे कान लाल झाले होते. आणि मी आत्याकडे बघत होते. ती लहान लहान घास घेत होती, डोळे खाली, प्रत्येक घासानंतर ओठ पुसत. शाळेत नव्या आलेल्या मुलीसारखी दिसत होती.

कॅप्टनबाईंनी आमटी परत मागितली. त्याबरोबर आत्याची भीड गेली. "वर गेल्यावर भ्या नाय वाटत?"

"वाटतं कधी. मग काम करायचं."

"घरच्यांनी जाऊ दिलं?"

"छे! वडील नाही म्हणाले, आई रडली."

"मग वं?"

"रोज विचारलं. सकाळी चहाच्या वेळी. भांडले नाही, रडले नाही. फक्त विचारायचं, जाऊ का?"

"आन् मग?"

"कंटाळले."

आत्या हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. "लई चिवट हायस गं बाई."

हात धुताना कॅप्टनबाईंनी मला विचारलं, "तू काय करतेस?" नाना पाणी घालत होते. ते म्हणाले, "माझ्या फुग्याचे अंश हीच टिपायची." "टिपायची?" बाईंनी विचारलं. नाना तांब्याकडे बघत राहिले. आत्याच म्हणाली, "मी बंद केलं. मोठी झाली ना." मला वाटलं, आता बाई काही म्हणतील. त्यांनी नुसते हात पुसले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

निघताना आई खण-नारळ घेऊन आली. घरी आलेल्या बाईला ओटी भरल्याशिवाय कसं पाठवायचं? पण ओटी घ्यायची पदरात, आणि बाईंना पदर नव्हता. आई थबकली. कॅप्टनबाईंनी क्षणभर विचार केला आणि काखेतली टोपी उलटी करून पुढे धरली. त्या सोनेरी बिल्ल्याच्या टोपीत आईनं तांदूळ, खण आणि नारळ घातला. मग बाई आत्याकडे वळल्या, टोपी तशीच धरून. आत्या एक पाऊल मागे सरली. विधवेनं ओटी भरायची नसते, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसेल, बरंच आहे. "मी नाय. माझ्या हातनं नसतं चालत," ती म्हणाली. बाई हलल्या नाहीत. टोपी पुढेच. आत्या आत गेली, डब्यातून शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली आणि नारळाच्या बाजूला नीट बसवले. "ही ओटी नव्हं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वाटेची शिदोरी हाय. आन् त्या मिशीवाल्याला देऊ नका, तुमचा नियम हाय."

ऊन कलल्यावर विमान निघालं. डबे थरथरले. मी अंगणात धावले, तर आत्या आधीच तिथं उभी होती, लिंबाच्या सावलीबाहेर, उघड्यावर, कपाळावर हात धरून. विमान तिळाएवढं झालं तरी तिनं मान खाली केली नाही. रस्त्यानं चार माणसं जात होती, ती आमच्याकडे बघत होती. "गेली," आत्या म्हणाली आणि भांडी घासायला आत वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिनं चहाची कपबशी ओठाला लावली तेव्हा मी विचारलं, "आत्या, सायन्सला जाऊ का?" ती म्हणाली, "नाय." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तिकडं काय ठेवलंय?" पुढे एकदा म्हणाली, "ती बाई येऊन पोरीला बिघडवून गेली," पण हे म्हणताना तिच्या आवाजात राग नव्हता. नाना वर्तमानपत्राआड असायचे. त्या दिवसांत ते पान उलटायला विसरत. आई चहा गाळताना माझ्याकडे बघून डोळे मिटायची, म्हणजे विचार, विचार. प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला. मी विचारलं. आत्यानं कपबशी खाली ठेवली.

"अरे, घाल रे हिला त्या सायन्सात," ती नानांना म्हणाली. "रोज माझा चहा गार करती ही." मग मला, "आन् उद्यापास्नं सकाळी जात जा तुझ्या बापासंगं. त्याला एकट्याला दिसत नाय आताशा."

नानांचे डोळे उत्तम होते. ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "व्हय अक्का, दिसत नाही खरंच," आणि लगेच चप्पल घालून माझं नाव घालायला निघाले.

मी वैमानिक झाले नाही. मला चष्मा होता आणि, खरं सांगायचं तर, मला जमिनीवर उभं राहून वर बघायलाच जास्त आवडायचं. हवामान खात्यात नोकरी केली. बदल्या झाल्या, आणि शेवटची काही वर्षं याच विमानतळावर, नानांच्याच जागेवरून मी फुगे सोडले. कॅप्टनबाई परत आमच्या घरी कधी आल्या नाहीत. पण आत्या होती तोवर, डबे थरथरले की ती कुठूनही हाक मारायची, "सुमे, बघ गं, बाई हाय का." तेव्हा विमानात बाई कधी नसायची. तुमच्या विमानात होती, आणि हे ऐकायला आत्या नव्हती. पोळी करपली ती त्यामुळे.

ती क्वार्टर पाडली, लिंब गेला, एका पायाचा पायजमा आता दुसरीकडे लावला आहे. जावयाचा पाट माझ्याकडे आहे. त्याचं एक पितळी फूल निघालं आहे, आणि गेल्या डिसेंबरात त्यावर बसायला तुम्ही दोघं भांडलात. आमच्या घरात अजूनही सगळ्यांची एकच पंगत बसते, आणि शेवटचं माणूस बसल्याशिवाय कोणी सुरू करत नाही.